वाचकांचे प्रश्न : गाणे लिहिताना

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, आमच्या गावच्या खंजिरी भजन मंडळात गातो. मायवर एक गाणे लिहायला घेतले आहे. पहिली ओळ अशी : ‘पऱ्हाटीच्या शुभ्र सागरी माझी वात्सल्यमूर्ती माय कापूस वेचते’. कागदावर ती मला आवडते. पण मंडळ केरवा तालात म्हणू लागले की ओळ फरपटते आणि खंजिरीवाले काका हात थांबवतात. वाळलेल्या बोंडांची टोके बोचतात म्हणून माय बोटांना चिंध्या बांधून वेचायला जाते, तिच्या कष्टांचे चीज व्हावे एवढीच इच्छा आहे. आधी चाल बांधावी की शब्द लिहावेत? वऱ्हाडीत लिहिले तर चालेल का?

उत्तर : काकांचा हात योग्य जागी थांबतो. तुमच्या ओळीत चोवीस अक्षरे आहेत आणि केरवा आठ मात्रांचा, म्हणजे हिशेब तालाच्या तीन फेऱ्यांत, तीन आवर्तनांत, बरोबर बसतो. मात्र एका मात्रेला एक अक्षर धरून टाळी देत म्हटलेत, तर दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘सागरी’मधल्या ‘री’वर येते आणि शब्द मधोमध तुटतो. त्याच आवर्तनातली पाच अक्षरे एकटी ‘वात्सल्यमूर्ती’ खाते, आणि तिची जोडाक्षरे खंजिरीच्या लयीत जिभेला अडखळवतात. (राळेगावच्या वावरात सागर कुठून आला, हाही प्रश्न उरतोच.) शेवटची आठ अक्षरे मात्र निर्दोष आहेत : ‘माय कापूस वेचते’. ती एका आवर्तनात मावतात आणि ‘ते’वर येऊन थांबतात, जिथे गळ्याला सूर लांबवायला मोकळी जागा मिळते.

या आठ अक्षरांना जोडीदार हवा, आणि तो तुम्ही गाण्यात न लिहिता पत्रात लिहून टाकला आहे. ‘शुभ्र सागर’ कोणाच्याही कवितेत सापडेल. बोटाची चिंधी ज्याने पाहिली त्यालाच सुचते. तुमचेच शब्द थोडे हलवून पाहा :

चिंधी बांधून बोटाले
माय कापूस वेचते

आठ आणि आठ. लहान अभंगाचे दोन चरण बहुधा याच मापाचे असतात, त्यामुळे मंडळातल्या कोणालाही हे माप शिकवावे लागणार नाही. वऱ्हाडीचे उत्तरही येथेच मिळते : ‘बोटाला’ लिहिले तरी अक्षरे तितकीच भरतात, पण ‘बोटाले’ आणि ‘वेचते’ एकाच स्वरावर टेकतात, ते साधत नाही. ज्या बोलीत माय घरी बोलते तीच गाण्यात यावी. फक्त एका कडव्यात वऱ्हाडी आणि दुसऱ्यात पुस्तकी, अशी सरमिसळ टाळावी.

चाल आधी की शब्द, हा वाद जुना आहे. चित्रपटांत बहुतेकदा चाल आधी तयार असते आणि गीतकार तिच्यात शब्द बसवतो. भजनात एखाद्या ओळखीच्या चालीवर नवे शब्द रचण्याची सवय आहे. या सवयीत एक धोका असतो : चालीबरोबर जुन्या गाण्याचे यमकही गुपचूप येते, आणि ‘माय’ म्हटले की ‘दुधावरची साय’ हजर होते. म्हणून माझा सल्ला असा की, सुरुवातीला चालही नको आणि कागदही नको. नुसती खंजिरी किंवा टाळी घ्यावी, ओळ दहा-वीस वेळा मोठ्याने म्हणावी आणि जिथे श्वास तुटतो तिथला शब्द काढावा. ध्रुपद, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर परत येणाऱ्या ओळी, असे घट्ट झाले की सूर बऱ्याचदा शब्दांच्या चढउतारातूनच सुचू लागतो.

कडवी तीन पुरेत. प्रत्येकात नवे काही घडावे, नाहीतर ध्रुपदाकडे परतताना ऐकणाऱ्याला काहीच वाटत नाही. पहिले कडवे सकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भाकरीचे गाठोडे ठेवण्याचे होईल. शेवटचे संध्याकाळच्या मोजणीचे असावे, कारण वेचणीची मजुरी किलोवर ठरते. काट्याला ओझे लावले जाते तेव्हा माय कुठे पाहत असते, हे मात्र तुम्ही पत्रात लिहिलेले नाही.