फोन आला तरी बातमी पूर्ण लिही

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. बातमी पानावर लागण्याआधीच ‘वरून’ फोन आला, संपादक ‘जरा थांबवू’ म्हणाले आणि तुला रात्रभर झोप लागली नाही. वाचून वाईट वाटलं.

सरकारला वर्तमानपत्र आवरायचं असेल तर ते बंदीचा हुकूम काढेल, असं आपण धरून चालतो. पण बंदीचा बोभाटा होतो. त्यापेक्षा छापायला जे लागतं त्यावर हात ठेवणं सोपं. मेक्सिकोत १९३५ साली वर्तमानपत्रांना कागद पुरवणारी सरकारी कंपनी निघाली. कागद स्वस्त मिळायचा, पण कोणाचा अडवायचा हेही सरकारच्याच हाती राहिलं. दिल्लीत आणीबाणी पुकारली गेली त्या २५ जून १९७५च्या रात्री छापखान्यांची वीजच तोडली गेली. त्यानंतर सेन्सॉरशिप आली. निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली गेली, तर कोऱ्या जागेलाही मनाई झाली!

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते एका साध्या दिसणाऱ्या कायद्याने. किती पानांच्या अंकाला किती किंमत, हे ठरवण्याचा अधिकार १९५६च्या कायद्याने सरकारकडे गेला. हेतू सांगितला होता की, मोठ्यांपुढे लहान वर्तमानपत्रांचा टिकाव लागावा. याला कोण नाही म्हणेल? ‘सकाळ’ने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पानं घटली की मजकूर घटतो, किंमत वाढली की वाचक घटतात. धंद्याचं नियमन म्हणून अभिव्यक्तीला कात्री लावता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. तो मुळातून वाच. उद्या कुठलाही नवा नियम आला की त्याचं गोंडस नाव बाजूला ठेवायचं आणि त्यामुळे छापणाऱ्याला कशाची धास्ती वाटेल, तेवढं बघायचं. आज कागदाची जागा सरकारी जाहिरातींनी, प्रसारणाच्या परवान्यांनी घेतली आहे.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एकदा असा फोन आला की पुढच्या वेळी फोन येण्याआधीच आपण दोन वाक्यं गाळतो. कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून माझं ऐक: बातमी पूर्ण लिही, नावानिशी, आकड्यांनिशी. काटायची असेल तर संपादकांना काटू दे, तू आपल्या हाताने काटू नकोस. मूळ मसुदा तारखेसह जपून ठेव. ज्या खात्याबद्दल लिहायचं त्याला प्रश्न लेखी पाठव आणि उत्तराला पुरेसा वेळ दे. आलेलं उत्तर गैरसोयीचं असलं तरी छाप. एक चुकीचा आकडा गेला तर त्यांना तुझी अख्खी बातमी खोटी ठरवता येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

संपादकांवर लगेच रागावू नकोस. पगार, छपाई, खटले, सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं. त्यांना एकटं भेट आणि विचार, ‘कुठलं वाक्य अडचणीचं आहे?’ नेमकं वाक्य कळलं तर त्याचा पुरावा भक्कम करता येतो.

तू पाठवलेल्या मसुद्यात तिसऱ्या परिच्छेदातल्या रकमेला एकाच माणसाच्या तोंडचा आधार आहे. त्याचा कागद मिळव आणि बातमी पुन्हा माझ्याकडे पाठव. मी त्याच दिवशी वाचेन.

तुझा,
एक जुना सहकारी