बातम्यांचा मारा आणि जुने अल्बम

बातम्यांच्या माऱ्याने थकला असाल, तरी त्या पूर्ण बंद करा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. कोल्हापुरात राहणाऱ्याला ते परवडणारेही नाही, कारण जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आहे की ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकते आहे, हे कळावेच लागते. मात्र ही माहिती एका ओळीत मिळते. तिच्यासाठी चार वाहिन्यांवरची आरडाओरड ऐकण्याची गरज नाही. सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी एक बातमीपत्र एवढे ठेवून मोबाइलवरची बातम्यांची नोटिफिकेशन्स बंद करून टाका.

मोकळ्या झालेल्या वेळात निदान सुरुवातीला तरी नवे संगीत शोधत बसू नका, कारण त्या शोधातही बोट स्क्रीनवरच फिरत राहते. एके काळी मनापासून आवडलेल्या एखाद्या स्वतंत्र कलाकाराचा किंवा बँडचा अल्बम आधीच डाउनलोड करून ठेवा, इंटरनेट बंद करा आणि रंकाळ्याच्या काठाने फिरताना तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रम न बदलता ऐका. गाण्यांचा क्रम बहुधा विचारपूर्वक लावलेला असतो आणि शफल केले की नेमका तोच हरवतो. पूर्वी केवळ चाल गुणगुणली असेल, तर आता गिटारच्या तारेवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज किंवा कडव्याआधी गायकाने घेतलेला श्वासही ऐकू येईल.

अल्बम विकत घ्यायचा असेल, तर बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर पाहा; तेथे डिजिटल विक्रीत बँडकॅम्पचा वाटा साधारणपणे १५ टक्के असतो आणि पेमेंटचे शुल्क वजा जाता उरलेली रक्कम कलाकाराच्या किंवा त्याच्या लेबलच्या, म्हणजे संगीत कंपनीच्या, हाती पडते.