टाकी फुल केली की गाडीत पेट्रोलचा वास येतो. गळती नेमकी कुठे शोधायची?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. टाकी फुल केल्यावर दोन-तीन दिवस मागच्या सीटवर वास येतो, काटा अर्ध्याखाली आला की जातो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाहिलं आणि "पेट्रोलच्या गाडीत थोडा वास येणारच" असं सांगितलं. ते आधी मनातून काढून टाका. गाडी दहा-बारा वर्षं जुनी असली तरी आत पेट्रोलचा वास येता कामा नये. टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी यंत्रणा बंदिस्त असते. वास येतोय म्हणजे ती कुठेतरी उघडी पडली आहे.

मागे लहान मुलगी बसते असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून दुरुस्तीआधी काळजीचं बोलतो. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते, ती पायाशी आणि सीटखाली साचते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. त्यात नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, त्यामुळे "आता येत नाही" या स्वतःच्या मतावर विसंबू नका, बाहेरून आलेल्या माणसाला हुंगायला सांगा. दुरुस्ती होईपर्यंत, तपासणीपुरतं सोडलं तर, टाकी अर्ध्याच्या वर भरू नका, बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी ठेवू नका आणि मुलीला त्या गाडीत बसवू नका. ओला डाग किंवा थेंब दिसला तर गाडी सुरूच करू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आता गळतीबद्दल. वास कधी येतो यावरून तो कुठून येतो हे बरंचसं कळतं. तुमचा वास फक्त भरलेल्या टाकीवर आणि मागच्या बाजूला येतो, म्हणजे इंजिनाशी त्याचा संबंध जवळपास नाही. बॉनेट उघडून काही सापडलं नाही यात नवल नाही. टाकीच्या वरच्या अंगाला बघायला हवं.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये टाकी मागच्या सीटखाली असते आणि पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप टाकीच्या आत असतो. सीटची गादी उचलली की गालिच्याखाली पत्र्याचं एक झाकण दिसतं. त्याच्याखाली पंपाचा माथा, त्याला कसणारी मोठी रिंग आणि रिंगखाली रबरी सील. हे सील वयाने कडक होतं, तडकतं. टाकी अर्धी असते तेव्हा पेट्रोल तिथवर पोहोचत नाही. फुल असली की वळणावर, चढावर, खड्ड्यात हिंदकळून थेट सीलला लागतं आणि झिरपतं. शेजारीच पाइपांचे प्लास्टिकचे कनेक्टर असतात, तेही तडकतात. पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर पाइप कुरतडतात, ते तर नेहमीचंच.

तपासणी टाकी भरलेली असताना करायची आणि पंप उघडायचा तो टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना. उलट केलं तर एकदा गळती दिसत नाही आणि दुसऱ्यांदा पेट्रोल सीटखाली सांडतं. गाडी मोकळ्या जागेत, इंजिन गार, चारही दारं बराच वेळ उघडी ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. झाकण उघडून पंपाच्या माथ्याभोवती पांढरा टिश्यू फिरवा. धूळ कोरडी असेल तर ठीक. एखाद्या बाजूला ती चिखलासारखी ओली किंवा काळपट चिकट असेल तर गळती तिथेच.

इथवर तुम्ही स्वतः बघू शकता. पंप उघडायचं काम मात्र मेकॅनिकला द्या आणि समोर उभं राहून करून घ्या. आधी पाइपातला दाब उतरवायचा, नाहीतर पेट्रोलची चिळकांडी उडते. माती पुसून मगच रिंग सोडवायची. हातोडी आणि स्क्रूड्रायव्हरने ठोकून रिंग फिरवू देऊ नका: रिंग फुटते आणि ठिणगीचा धोका वेगळाच. सील नवीनच हवं, जुनं पेट्रोलने फुगलेलं असतं आणि खाचेत नीट बसत नाही. वरून एम-सील किंवा सिलिकॉन चोपडायला ठाम नकार द्या. पाइप बदलायचा असेल तर इंजेक्शन गाडीचा, दाब सोसणारा घ्या, कारण तिथे तीन बारच्या आसपास दाब असतो. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि २०१४ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं, तेव्हा सील-पाइप इथेनॉलला चालणारेच मागा.

झाकण लगेच बंद करायची घाई नको. ऑटो-कट होईपर्यंत, म्हणजे पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरा, खडबडीत रस्त्यावरून छोटी फेरी मारा आणि पुन्हा टिश्यू फिरवा. कोरडा निघाला तर झाकण लावा, पण त्याचं पॅकिंगही नवीन घाला. टाकीची वाफ आणि तुमची मुलगी यांच्यामध्ये तेवढाच एक पडदा असतो, आणि गॅरेजमध्ये नेमकं तेच पॅकिंग फाटकं ठेवलं जातं.

सीटखाली सगळं कोरडं निघालं तर गाडी रॅम्पवर घ्या, अर्थात टाकी भरलेली असतानाच. भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप आणि त्याच्याजवळचा बारीक हवेचा पाइप क्लिपपाशी तडकतात. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या गाडीत पेट्रोल भरण्याच्या तोंडाचं लोखंडी नळकांडंही खाऱ्या हवेने गंजतं.

अजून एक विचारतो, पंपावर "राउंड फिगर करू का?" म्हटल्यावर तुम्ही हो म्हणता का? म्हणू नका. टाकीतली वाफ कोळशाच्या एका डब्यात शोषली जाते, त्याला कॅनिस्टर म्हणतात. तो डबा वाफेसाठी आहे. ऑटो-कटनंतर आणखी भरलं तर पातळ पेट्रोल त्यात शिरतं, कोळसा भिजतो आणि भरल्यानंतरचे काही दिवस वास सुटत राहतो. तुमच्या लक्षणांशी हेही जुळतं, आणि तपासायला फुकट आहे: पुढच्या वेळी अर्ध्यावर थांबायचं नसेल तेव्हा पहिल्या कटला थांबा आणि फरक बघा.

इतर कुणाला सकाळी इंजिन सुरू करताच एसीच्या जाळीतून वास येत असेल तर हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबून पाहा. वास कमी झाला तर तो बाहेरून, बहुधा बॉनेटखालून येतोय, इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, बघा. पिकअप कमी, चेक इंजिनचा दिवा लागलेला आणि सिग्नलला थांबल्यावर वास, असं असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून येऊन डिकीच्या फाटक्या बीडिंगमधून आत शिरत असतं.

दुरुस्तीनंतर गालिचा आणि गादी बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. पेट्रोल लागलेल्या गालिच्यावर व्हॅक्यूम क्लीनर अजिबात फिरवू नका, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. परफ्यूमही काही दिवस लावू नका, म्हणजे वास खरंच गेला की नाही ते कळेल. सीटखाली काय सापडलं ते इथे कळवा. ओला डाग कोणत्या बाजूला आहे ते सांगितलंत तर पाइप की सील, ते सांगायचा प्रयत्न करतो.