पाहणीची तारीख बदल

पोरी,
अनेक आशीर्वाद.

बाहेरून आलेल्या कामगारांच्या खाण्यापिण्याच्या पाहणीसाठी केलेली तुझी प्रश्नावली दोनदा वाचली. पहिलाच प्रश्न खोड. ‘घरात पुरेसं अन्न आहे का? हो / नाही.’ कोल्हापूरजवळ पुलाच्या शिरोलीत फौंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, माणसाला दारात कागद धरून हे विचारलंस, तर तो ‘सब ठीक है, मॅडम’ म्हणेल आणि वर तुलाच चहा पाजेल. त्यापेक्षा विचार, काल रात्री काय शिजवलं? डाळ शेवटची कधी केली? दुकानातली उधारीची वही कितीवर गेलीय?

मला हे शहाणपण चूक करूनच आलं. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि आठ-दहा दिवसांत आम्ही शिधा घेऊन तिकडं गेलो. माणशी पाच किलो गव्हाचं पीठ, तेल, तिखट-मीठ. एका खोलीत झारखंडची सहा पोरं होती. त्यांनी पिशव्या घेतल्या, हात जोडले, मी खूश. चार दिवसांनी परत गेलो तर पिशव्या भिंतीला तशाच उभ्या, शिवणसुद्धा उसवलेली नाही. ही पोरं भात खाणारी, तीही खाणावळीत. खाणावळ बंद पडल्यावर सहा जणांत मिळून एक पातेलं. परात नाही, तवा नाही. छोटं सिलिंडर रिकामं आणि ते भरून देणारं दुकान बंद. दोन दिवस बिस्किटं पाण्यात बुडवून खात होती. आमचा पीठ वाटतानाचा फोटो मात्र छान आला होता.

म्हणून चूल, भांडी, सरपण याचा रकाना घाल. तुझ्या फॉर्मात तो नाही.

रेशनचं नीट समजून घे, कारण तिथं सगळे गोंधळतात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं ‘प्राधान्य’ कुटुंबाला, म्हणजे गरजू म्हणून यादीत असलेल्या कुटुंबाला, माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. करोनात त्यावर आणखी पाच किलो मोफत मिळायचं, ते डिसेंबर 2022 ला थांबलं. आता मूळचं पाच किलो मोफत आहे. पण या पोरांचं कार्ड गावाकडं. ‘वन नेशन वन रेशन कार्ड’मुळे इथल्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं उचलता येतं, उरलेलं घरचे तिकडं उचलतात. सगळ्या राज्यांनी हे 31 जुलै 2021 पर्यंत लागू करावं, असं सर्वोच्च न्यायालयानं 29 जून 2021 ला बजावलं होतं. कागदावर उत्तम. पण गावाकडं बायकोनं महिन्याचं सगळं धान्य आधीच उचललं असेल, तर इथं मशीनवर काही शिल्लक दिसत नाही, आणि दुकानदार व पोरगा दोघं मिळून मशीनला शिव्या देतात. शिवाय कित्येकांना इथं उचलायचंच नसतं. एकानं मला सरळ सांगितलं, ‘बच्चों की थाली में से कैसे निकालूँ?’ यावर योजनेकडं उत्तर नाही. माझ्याकडंही नाही.

प्रस्तावनेत शाहू महाराजांच्या दुष्काळातल्या स्वस्त धान्य दुकानांचा दाखला दिलास, बरं केलंस. एका ओळीत ठेव. कोल्हापुरात आपण महाराजांचं नाव घेतो आणि पुढचं काम विसरतो.

आता वहीबद्दल. टाळेबंदीतली किराण्याची उधारी काहींना फेडायला दोन-दोन वर्षं लागली. वहीत नाव असलं की भाव विचारायची सोय राहत नाही. दुसरीकडं स्वस्त मिळतं हे माहीत असूनही तिथंच घ्यावं लागतं. घरी पैसे धाडणं चुकत नाही, खोलीभाडं चुकत नाही. मग उरतं ताट. आधी अंडी जातात, मग भाजी, मग डाळ पातळ होते. भात तेवढा राहतो, त्यामुळे पोट भरलेलं दिसतं. तुझा दुसरा प्रश्न, ‘दिवसातून किती वेळा जेवता?’, याला तो प्रामाणिकपणे ‘दोन वेळा’च सांगेल.

आणि पाहणी 12 तारखेला ठेवलीयस. अगं, पगार 7 ला, कुठं 10 ला होतो. 12 ला डबे भरलेले असतात. 4-5 ला जा, संध्याकाळी, पहिली पाळी सुटून माणसं खोलीवर आली की. मी येतो बरोबर. बिस्किटाचे पुडे आणू नकोस.