पुरानंतर मोरी, रस्ता आणि पाणीयोजना दुरुस्त करायला ग्रामपंचायतीला पैसा कुठून मिळतो?

तुम्ही लिहिलंय की पंचगंगेकाठच्या तुमच्या गावात पाणी शिरलं, शिवाराकडं जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी, म्हणजे नळ्यांचा छोटा पूल, वाहून गेली, पाणीयोजनेची मोटर बुडाली आणि ग्रामसेवक म्हणतात, "पंचनामे झालेत, निधी आला की बघू."

त्यांना आधी विचारा, पंचनामे कशाचे झाले? घर, पीक, जनावरं यांचे पंचनामे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात आणि ती मदत थेट बाधिताच्या खात्यात जाते. तुमच्या मोरीला त्यातला एक रुपया लागत नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा अहवाल वेगळा जातो, आणि नेमका तोच राहतो, कारण त्या आठवड्यात अख्खं गाव घरांच्या पंचनाम्यामागं असतं. म्हणून गाळ काढायच्या आधी प्रत्येक मालमत्तेचे जिओटॅग फोटो (ज्यात जागेचं ठिकाण नोंदलेलं असतं), लांबी-रुंदीची मापं आणि भिंतीवरची पाण्याची खूण टिपून घ्या. गाळ निघाला की पुरावाही गेला.

दुसरी गोष्ट मालकीची. रस्ता ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये आहे का, इमारत नमुना २२ मध्ये आहे का, हे पाहा. नोंद नसेल तर अंदाजपत्रक पहिल्याच टेबलावर अडकतं. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं, त्यांच्या उपअभियंत्याकडं लेखी मागणी द्या.

आता पैसा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत येतो आणि त्यातून फक्त तातडीची दुरुस्ती होते, म्हणजे वाहतूक आणि पाणी पुन्हा सुरू करण्यापुरती, तीही ठरलेल्या मर्यादेत. त्यामुळं प्रत्येक कामाची दोन अंदाजपत्रकं करून घ्या: एक तात्पुरतं, एक कायमचं. दोन्ही एकत्र घातली की मोठी रक्कम पाहून अख्खा प्रस्ताव परत येतो. कायमच्या कामासाठी जिल्हा वार्षिक योजना किंवा पूरहानी दुरुस्तीचा निधी मागायचा. वित्त आयोगाच्या अनुदानाचा काही भाग बंधित असतो, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा; मार्च २०२६ पर्यंतच्या १५व्या आयोगात तो ६० टक्के होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. मोटर आणि जलवाहिनी त्यातून बसते. उरलेल्या अबंधित भागातून गावातला रस्ता घेता येतो. मात्र काम विकास आराखड्यात नसेल तर आधी ग्रामसभेत आराखडा दुरुस्त करून ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढवा, नाहीतर बिल निघत नाही. जेसीबीचं भाडं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असला लगेचचा खर्च ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या ग्रामनिधीतून.

मोरीबद्दल मात्र आग्रह धरा. ६०० मिलिमीटरच्या नळ्या उसाच्या पाल्यानं आणि फांद्यांनी तुंबतात, पाणी रस्त्यावरून उलटतं आणि खालच्या अंगाला पडून भराव पोखरत वर येतं. मोरी वाहून जाते ती अशी, खालून. तीच नळी पुन्हा बसवली तर पुढच्या पुरात तेच होणार. निदान ९०० मिलिमीटरची, एनपी-३ दर्जाची नळी घ्या, कारण वरून भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या जातात. दोन्ही तोंडांना भिंत, खालच्या बाजूला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) आणि त्याच्या टोकाला जमिनीत उतरलेली आडवी भिंत हवी. नळीवर किमान ६० सेंटिमीटर मुरूम, १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबलेला. शेजारच्या शेतातली काळी माती भरू देऊ नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि ठेकेदाराला तीच सगळ्यात जवळ पडते.

बुडालेली मोटर आणि पॅनेल वाळल्यासारखं दिसलं तरी चालू करू नका. वाइंडिंग वाळवून मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रानं, तपासा, रीडिंग १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर जळते आणि दुरुस्तीचं काम रिवाइंडिंगचं होऊन बसतं. विहिरीचं गढूळ पाणी उपसून टाका, मग टीसीएल घाला: हजार लिटरला ५ ग्रॅम. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी म्हणजे साधारण १ लाख १३ हजार लिटर, म्हणून ५६५ ग्रॅम. अर्ध्या तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी, घ्या. पिवळा रंग आला नाही तर डोस वाढवून पुन्हा तपासा, आणि गावाच्या शेवटच्या नळालाही तीच चाचणी करा. टीसीएलचं पोतं उघडं राहिलं असेल तर त्यातलं क्लोरीन उडालेलं असतं, मग माप बरोबर असूनही रंग येत नाही.

कागदांचा क्रम पाळा: अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. निविदा टाळायला एका कामाचे तुकडे पाडू नका, लेखापरीक्षणात ती रक्कम वसुलीत निघते. आणि पाया बुजवण्याआधी शाखा अभियंत्याला जागेवर बोलावून मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घ्या. पाया किती खोल गेला, पिचिंगखाली आडवी भिंत आहे की नाही, हे मुरूम पडल्यावर कुणालाच मोजता येत नाही.