तुझ्या रिव्ह्यूबद्दल, जरा सविस्तर

अगं,

परदेशात शिकून मुलांवर काय परिणाम होतो यावरचे पेपर गोळा करून लिहिलेला तुझ्या रिव्ह्यूचा ड्राफ्ट काल रात्री वाचला, एकदा भरभर आणि एकदा पेन्सिल घेऊन. मेहनत दिसतेय, एवढे पेपर गोळा करायचे म्हणजे डोळ्यांची वाट लागते. पण सहा पेपर परदेशात शिकण्याच्या बाजूने, मग एक 'तथापि', मग सहा विरोधात, आणि शेवटी 'दोन्ही बाजू तितक्याच महत्त्वाच्या आहेत', याला तू बॅलन्स्ड म्हणतेयस का? तराजूच्या दोन्ही पारड्यांत सहा-सहा दगड टाकले म्हणून काटा मधे येत नाही, कुठला दगड किती वजनाचा ते कोण बघणार?

मुळात त्या बारा पेपरांत दोन वेगळ्याच जातीचे विद्यार्थी एकत्र कोंबलेत तू. एक म्हणजे एरॅस्मससारख्या योजनेतून (युरोपातली विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची, 1987 पासून चालू आहे ती) एखाद-दोन सेमिस्टर बाहेर राहून परत आपल्याच युनिव्हर्सिटीत येणारा, आणि दुसरा अख्खी डिग्रीच तिकडे करणारा, दणदणीत फी भरणारा, व्हिसाच्या तारखा मोजणारा. पान तीनवर तू ऑस्ट्रेलियातला 2008 चा एकटेपणावरचा अभ्यास घेतलायस, 200 मुलाखती, त्यातल्या दोन तृतीयांश मुलांना एकटेपणा जाणवला होता, आणि लगेच त्याच्यासमोर युरोपियन कमिशनचा 2014 चा एरॅस्मसवरचा मोठा रिपोर्ट उभा केलास आणि लिहिलंस 'निष्कर्ष परस्परविरोधी आहेत'. अगं कुठे आहेत विरोधी, ते वेगवेगळ्या लोकांबद्दल बोलतायत! आधी डिग्रीवाले आणि सेमिस्टरवाले वेगळे कर, तुझे निम्मे 'तथापि' आपोआप गळून पडतील.

त्या 2014 च्या रिपोर्टबद्दल अजून एक. एरॅस्मसमुळे जमलेल्या जोड्यांना मिळून साधारण दहा लाख मुलं झाली असावीत असा अंदाज त्यात होता आणि बातम्यांनी तेवढंच उचललं (मीही तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते, खोटं कशाला बोलू). पण योजना कमिशनची, रिपोर्टही कमिशनने करून घेतलेला, आणि बरीचशी माहिती विद्यार्थ्यांनी स्वतःच स्वतःबद्दल सांगितलेली. म्हणून तो फेकून देऊ नकोस, हे सगळं एका वाक्यात लिही आणि पुढे जा.

खरी गोम आहे ती कोण जातं यात. जी मुलं जातात ती बऱ्याचदा आधीच धीट असतात, घरी पैसा असतो, मार्क बरे असतात, मग पुढे त्यांना चांगली नोकरी लागली तर श्रेय परदेशाला द्यायचं की त्यांच्या मूळ स्वभावाला? यावर पारे आणि वाल्डिंगर यांचा 2011 चा पेपर बघ. जर्मनीत एरॅस्मस सगळ्या डिपार्टमेंटमध्ये एकदम आलं नाही, कुठे आधी, कुठे नंतर, हा फरक काही मुलांच्या स्वभावावर ठरत नाही, म्हणून त्याचाच त्यांनी उपयोग करून घेतला आणि दाखवलं की शिकायला बाहेर गेल्याने पुढे परदेशात नोकरी करायची शक्यता साधारण 15 टक्के पॉइंटने वाढते. असा एक पेपर दहा प्रश्नावल्यांना भारी असतो, त्याला तू अर्धी ओळ दिलीस!

आता भाषेचा भाग. 'तिकडे राहिलं की भाषा सुधारते' असं ठोकून दिलंयस. फ्रीड आणि सहकाऱ्यांचा 2004 चा पेपर शोध. फ्रेंच शिकणारी 28 अमेरिकन मुलं, काही आपल्याच कॉलेजच्या वर्गात, काही फ्रान्समध्ये, आणि काही आपल्याच देशात पण फक्त फ्रेंच बोलायच्या कडक उन्हाळी कोर्समध्ये. अस्खलितपणात सगळ्यात पुढे कोण गेलं, तर तो उन्हाळी कोर्सवाला गट! फ्रान्समधली मुलं वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्लिशच जास्त बोलत होती, असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे फरक देशामुळे पडला की दिवसभरात किती वेळ ती भाषा खरंच वापरली यामुळे? तुझा परिच्छेद इथून सुरू व्हायला हवा. आणि 28 हा आकडा छोटा आहे, तेही तिथेच सांग, लपवू नकोस.

परदेशात रुळण्याच्या त्या यू-कर्व्हचं तर बोलायलाच नको, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलेय. आधी मजा, मग उदासी, मग रुळणं, असा छान वळणदार आलेख, मी तो दुसऱ्याच कुणाच्या पेपरमधून उचलून 'लिसगार्ड 1955' असं बिनधास्त सायटेशन ठोकलं होतं. व्हायवाला बाईंनी शांतपणे विचारलं, 'त्यांनी मुलांना किती महिने फॉलो केलं?' मी म्हटलं दोन वर्षं. साफ थाप! मूळ पेपर नंतर उघडला तेव्हा कळलं की अमेरिकेहून परत आलेल्या 200 नॉर्वेजियन लोकांच्या त्या मुलाखती होत्या, कुणी थोडे महिने राहिलेला, कुणी दीड वर्षाहून जास्त, आणि वेगवेगळ्या माणसांचे ठिपके जोडून ती वळणाची रेघ आलेली. एकाच माणसाला महिनोन्‌महिने कुणी बघितलंच नव्हतं. पुढे 1998 मध्ये वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी मुलांना पोचल्यापासून वर्षभर पुन्हा पुन्हा विचारलं, तर सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच निघाला, मजा वगैरे काही नाही. तू तो आलेख पान पाचवर काढलायस, तोही रंगीत. राहू दे, पण त्याच्याखाली ही गोष्ट लिही.

पेपर कसे शोधले, कुठल्या डेटाबेसमध्ये, काय टाइप करून, कुठली वर्षं, कुठले गाळले आणि का, हे एका परिच्छेदात आटप. फक्त इंग्लिशमधलेच वाचलेस हेही कबूल कर.

सध्या बाकी कशाला हात लावू नकोस. फक्त भाषेचा परिच्छेद नव्याने लिहून गुरुवारपर्यंत पाठव, आणि प्लीज, अ‍ॅबस्ट्रॅक्टवर भागवू नकोस, फ्रीडच्या त्या पेपरमधलं कोष्टक उघडून बघ.

ताई