व्यापारी दुबईला पळाला, फाइल मात्र पोलीस ठाण्यातच

प्रश्न : निफाड तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. मार्च 2025 मध्ये एका व्यापाऱ्याने माझ्यासह गावातल्या अनेकांचा माल उचलला. त्याने दिलेले चेक वटले नाहीत. फसवणुकीचा गुन्हा दाखल आहे. तो दुबईत बसून रोज स्टेटसला फोटो टाकतो. पोलीस म्हणतात, 'आता इंटरपोलचं काम, आमच्या हातात काही नाही.' पैसे मिळतील का?

उत्तर : पोलिसांच्या हातात बरंच काही आहे. इंटरपोल कुणाला पकडून आणत नाही. रेड नोटीस, म्हणजे आरोपीला शोधून तात्पुरतं अटकेत ठेवा अशी इतर देशांच्या पोलिसांना विनंती, मागायची तर आधी इथल्या कोर्टाचं वॉरंट लागतं, आणि मागणी सीबीआयमार्फत जाते. जानेवारी 2025 पासून त्यासाठी सीबीआयचं भारतपोल हे ऑनलाइन पोर्टल आहे, त्यामुळे जिल्हा पोलिसांना 'आम्हाला मार्ग नाही' म्हणायची सोय उरलेली नाही. तेव्हा तपास अधिकाऱ्यांना पहिला प्रश्न विचारा : अजामीनपात्र वॉरंट काढलं का?

खरी मेख पुढे आहे. भारत आणि संयुक्त अरब अमिराती (दुबई त्यातच येते) यांचा प्रत्यार्पण करार, म्हणजे आरोपी परत सोपवण्याचा करार, 2000 पासून लागू आहे. त्यानुसार कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. अमिरातीने 2022 पासून खात्यात पैसे नसल्याने न वटलेल्या चेकची बहुतेक प्रकरणं फौजदारी कायद्यातून काढली आहेत. म्हणजे तुमची केस नुसत्या चेकवर उभी राहिली, तर तिथे ती उधारीचा वाद ठरेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली, सात वर्षांपर्यंत शिक्षेची फसवणूक दाखवायची, तर माल उचलतानाच त्याची पैसे बुडवायची नियत होती, हे कागदावर यायला हवं. फर्मचा पत्ता खोटा होता का? चेक दिले तेव्हा खात्यात किती पैसे होते? तुमचा माल त्याने कुठे, किती भावाने विकला? सगळ्या शेतकऱ्यांचे जबाब, काटापावत्या आणि बँकेचे उतारे एकाच गुन्ह्यात जोडून घ्या. बाजार समितीचा परवाना होता की नाही, तेही लेखी मागवा. स्टेटसचे स्क्रीनशॉट तारखेसह जपा. दुकानाची पाटी दिसली तर पत्ता लागतो. त्याला धमकीचे मेसेज मात्र पाठवू नका. तेच उद्या तो कोर्टात दाखवेल.

तिथल्या बँक खात्याची माहिती हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 112 खाली आपलं कोर्ट तिथल्या यंत्रणेला विनंतीपत्र काढतं. ते केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जातं; प्रत्यार्पणाचं प्रकरण परराष्ट्र मंत्रालय हाताळतं. तुम्ही स्वतः दुबई पोलिसांना पत्र लिहून यातलं काहीच सुरू होत नाही. मराठी फिर्याद आणि पंचनाम्यांचे नीट इंग्रजी अनुवाद लागतात. तिथे घाई केली की शंका काढून फाइल परत येते, आणि परत आलेली फाइल पुन्हा हलायला किती वेळ लागतो ते विचारू नका.

पैशाचं म्हणाल तर दुबईपेक्षा त्याच्या इथल्या मालमत्तेकडे आधी बघा. त्याच्या नावावरचं घर, जमीन, गाडी यांचे उतारे काढा. कोर्टाने त्याला फरारी घोषित केल्यावर याच संहितेच्या कलम 85 खाली जप्ती होते. तुमच्या पैशातूनच काही घेतलं असेल, तर कलम 107 खाली ते जप्त करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत फसवलेल्यांना वाटता येतं. त्यासाठी अधीक्षकांच्या मंजुरीने तपास अधिकाऱ्याने कोर्टात अर्ज करायचा असतो.

सगळ्यांच्या सह्यांनिशी पोलीस अधीक्षक, नाशिक ग्रामीण यांच्याकडे अर्ज द्या : वॉरंट, लुकआउट नोटीस (विमानतळावर अडवण्याची सूचना), विनंतीपत्र आणि कलम 107 यांपैकी काय झालं, ते लेखी कळवा. पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर त्याच पोचेसह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासावर देखरेखीसाठी अर्ज करता येईल.